पुन्हा परीक्षा की परदेश?

आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन गेलेली मुले दोन वर्षांनी, बहुधा जून-जुलैच्या सुमारास, पुन्हा शाळेच्या पायऱ्या चढताना दिसतात. पी. यू. सी. चा निकाल चांगला लागलेला असतो. परंतु हातात जो दुसरा कागद असतो त्याकडे पाहून चेहरा उतरलेला असतो. तो कागद म्हणजे 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा गुणतक्ता. बरोबर वडील असतात, क्वचित मामा किंवा काका. प्रश्न ठरलेला असतो : "सर, आणखी एक वर्ष परीक्षेला द्यावे, की सरळ परदेशी पाठवून द्यावे?"

मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रोगी म्हणून आला तेवढाच. तेव्हा मराठी शिकविणाऱ्या मास्तराने या विषयावर लेखणी का उचलावी, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्तच म्हणावी लागेल. परंतु या प्रश्नात शरीरशास्त्र थोडे आणि व्यवहार फार आहे. नियम वाचावे लागतात, वर्षे मोजावी लागतात, पैशांचा अंदाज घ्यावा लागतो आणि शेवटी मुलाच्या मनाचा ठाव घ्यावा लागतो. हे काम घरच्या माणसांनी शांतपणे बसून करावयाचे असते. ते एखाद्या दलालाच्या कार्यालयात, रंगीत चित्रांच्या पुस्तिकेपुढे बसून होत नाही.

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानी घेऊ. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्या उत्तरास एक गुण वजा, आणि सोडून दिलेल्या प्रश्नास शून्य. २०२५ साली या परीक्षेस सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाख ३६ हजार 'पात्र' ठरले. देशातील एम. बी. बी. एस. च्या एकंदर जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतही सरकारी महाविद्यालयांतील जागा साधारण निम्म्याच. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांमागे एकाला जागा, आणि वीस मुलांमागे एकाला आपल्यासारख्यांच्या खिशास परवडणारी जागा.

या 'पात्र' शब्दाने घरोघर घोटाळा करून ठेवला आहे. २०२५ साली सर्वसाधारण गटातील विद्यार्थी १४४ गुणांवर पात्र ठरत होता. सातशेवीसांत एकशेचव्वेचाळीस! सरकारी जागेसाठी याहून कितीतरी अधिक गुण लागतात. परंतु परदेशी जाऊन वैद्यकी शिकण्यास एवढी पात्रता पुरते. २०१८ पासून परदेशी शिकावयास जाणाऱ्यांनाही नीटमध्ये पात्र ठरणे सक्तीचे झाले आहे, आणि तो निकाल त्या कामासाठी तीन वर्षे चालतो. गुणतक्त्यावर 'पात्र' असे छापून येताच गावात फोन सुरू होतात ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट. गुणांची तुलना मागील वर्षाच्या गुणांशी करण्यात अर्थ नसतो. २०२४ साली सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ साली प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास ६८६ गुण मिळाले. म्हणून "शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी अमुक गुणांवर प्रवेश मिळाला होता" हे वाक्य निरर्थक आहे. पाहावयाचा तो क्रमांक, गुण नव्हेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तो आजचा नाही. मराठी माणसाच्या घरात तो एकशेचाळीस वर्षांपूर्वी प्रथम उभा राहिला, आणि तोही एका मुलीच्या बाबतीत. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. पती गोपाळराव हे टपालखात्यात होते व १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे नोकरीवर होते. वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस जाण्याचा आनंदीबाईंचा निश्चय ऐकून लोकांत चर्चा माजली, तेव्हा त्यांनी सेरामपूर कॉलेजात जाहीर व्याख्यान दिले आणि लोकांच्या एकेका आक्षेपास क्रमाने उत्तर दिले. हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? मद्रासला आहे, मग ती अपुरी का वाटते? एकटी का जातेस? जातीने वाळीत टाकले तर? तिकडे संकट ओढवले तर? हे व्याख्यान दिले तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या, म्हणजे आज नीटला बसणाऱ्या मुलीएवढ्याच. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. हेच रुग्णालय आज आपण सी. पी. आर. म्हणून ओळखतो. परंतु तेथे काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते. तिकडची थंडी, न मानवणारा आहार आणि क्षयाची व्यथा यांनी शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास बंगालमधील कादंबिनी गांगुली यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात स्त्रीला घेण्यास मोठा विरोध होता. कादंबिनीबाईंनी तो दरवाजा सोडला नाही. तेथेच प्रवेश मिळवला आणि १८८६ सालीच, म्हणजे ज्या वर्षी आनंदीबाई फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या त्याच वर्षी, कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षण पुरे केले. पुढे व्यवसायात स्थिर झाल्यावर १८९३ साली त्या अधिक शिक्षणासाठी विलायतेस गेल्या. एकीने समुद्र ओलांडला, दुसरीने बंद दारावर पुन्हा थाप मारली. यांतील कोणाचे बरोबर, हे मी वर्गात विचारतो तेव्हा मुले आनंदीबाईंच्या बाजूने टाळ्या वाजवतात. टाळ्या योग्यच आहेत. तथापि सेरामपूरच्या व्याख्यानात जे प्रश्न त्या मुलीने उघडपणे घेतले ते आज किती घरांत घेतले जातात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझी घरची भाषा कोंकणी. त्यामुळे गोव्याचे एक उदाहरण सहज आठवते. पणजीस १८४२ साली पोर्तुगीज सरकारने वैद्यकीय शाळा काढली. आशियातील अशा जुन्या संस्थांत तिची गणना होते. परंतु तेथून शिकून बाहेर पडलेल्याची पदवी खुद्द पोर्तुगालमध्ये बराच काळ पूर्ण मानली जात नसे. तिकडे व्यवसाय करावयाचा तर तिकडच्या संस्थेत पुन्हा परीक्षा द्यावी लागे. समुद्रापलीकडे नेलेल्या पदवीचे मोल कमी होते, हा अनुभव असा जुना आहे. आज प्रवाह उलटा वाहतो, एवढेच.

परदेशी शिकून आलेल्या डॉक्टरास भारतात व्यवसाय करावयाचा असेल तर २००२ पासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. तिला एफ. एम. जी. ई. म्हणतात. वर्षातून दोनदा ती होते. तीनशेपैकी दीडशे गुण मिळवणारा उत्तीर्ण. निम्मे गुण, म्हणजे सोपी परीक्षा, असे वरवर वाटते. वस्तुतः अलीकडच्या काळात तीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक वेळा शंभरात तिसांच्या आतच राहिले आहे. नापास झालेले पुन्हा बसतात, पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस पारही पडतात. परंतु तोपर्यंत ना धड डॉक्टर, ना धड विद्यार्थी अशी त्रिशंकू अवस्था असते. या परीक्षेच्या जागी 'नेक्स्ट' ही परीक्षा आणण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. नाव बदलेल, चाळणी राहील.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेले नियम तर प्रत्येक पालकाने मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा हवा. तो सर्व एकाच संस्थेत पुरा झाला पाहिजे. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे. त्यानंतर तेथेच बारा महिने रुग्णालयात काम, ज्याला इंटर्नशिप म्हणतात, केलेले असावे. त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणे वैद्यकी करण्याचा परवाना मिळू शकेल अशीच ती पदवी हवी. भारतात परतल्यावर आणखी बारा महिने इंटर्नशिप. आणि हे सारे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. यांतील एक अट चुकली तरी सहा वर्षांचे श्रम फुकट जाऊ शकतात. फिलिपाईन्समधील एम. डी. चा अभ्यासक्रम ५४ महिन्यांपेक्षा कमी भरत असल्यामुळे या नियमांनंतर तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहिला, हे उदाहरण फार दूरचे नाही.

येथे एक साधी बेरीज करून पाहावी. आपल्या देशात एम. बी. बी. एस. साडेचार वर्षांचे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप, एकूण साडेपाच. परदेशी निदान साडेपाच वर्षे, अनेक देशांत सहा. नंतर चाळणी परीक्षेची तयारी आणि निकाल यांत, सर्व सुरळीत झाले तर, सहा महिने. मग भारतातील बारा महिने. ही बेरीज सात ते साडेसात वर्षे होते. आता जो मुलगा येथेच थांबून एक वर्ष पुन्हा अभ्यास करतो आणि प्रवेश मिळवतो, तो साडेसहा वर्षांत डॉक्टर होतो. दोन वर्षे घालवली तरी साडेसात. "वर्ष वाया जाऊ नये म्हणून परदेशी पाठवितो" हे कारण पुष्कळ पालक सांगतात. ते या बेरजेपुढे टिकत नाही. परदेशी जाण्याची दुसरी कारणे असतील, परंतु वर्ष वाचविणे हे त्यांतले नव्हे.

अर्थात या बेरजेत एक 'तर' दडलेला आहे. पुन्हा परीक्षा देऊन प्रवेश मिळाला तर! तो मिळेल किंवा कसे, हे कशावरून ठरवावे?

माझ्या मते एकूण गुणांवरून मुळीच ठरवू नये. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकेची प्रत व उत्तरसूची पाहावयास मिळते. ती घेऊन मुलाने घरी बसावे आणि प्रत्येक प्रश्नापुढे खूण करावी : हा धडा मी वाचलाच नव्हता, हा वाचला होता पण समजला नव्हता, हा समजला होता पण वेळ पुरला नाही, येथे मी नुसता अंदाज ठोकला. समजा, चाळीस उत्तरे चुकली आहेत. म्हणजे चाळीस गुण वजा झाले. त्यांतील वीस अंदाजाने ठोकलेली असतील तर ती सोडून देण्याचा संयम दाखविला असता तरी गुण वीसने वाढले असते. आणि उरलेल्या वीस प्रश्नांचे धडे पक्के असते तर त्या प्रत्येकामागे पाच गुणांचा फरक पडला असता, म्हणजे शंभर. असा हिशोब मांडला की चित्र स्वच्छ होते. ज्या मुलाच्या खुणा बहुतांशी पहिल्या प्रकारच्या आहेत, ज्याचा अभ्यासक्रमच पुरा झाला नव्हता, त्याने एक वर्ष अवश्य द्यावे. मराठी माध्यमातून गेलेल्या आपल्या मुलांत अशी पुष्कळ असतात. दहावीपर्यंत ज्याला 'पेशीभित्तिका' म्हटले ते पी. यू. सी. त गेल्यावर 'सेल वॉल' होते. 'संवेग' हा 'मोमेंटम' होतो. आणि पहिले वर्ष केवळ जुन्या ओळखींना नवी नावे लावण्यात संपून जाते. अशा मुलाचे पहिल्या खेपेचे गुण म्हणजे त्याच्या बुद्धीचे माप नव्हे.

याउलट, ज्याने दोन वर्षे सर्व शिकवण्या केल्या, लातूर किंवा कोटा येथे राहून सराव-परीक्षांचे गठ्ठे उपसले, आणि ज्याचे गुण दोन्ही खेपांस तेथल्या तेथेच राहिले, त्याला तिसऱ्या खेपेस बसविणे मला क्रौर्य वाटते. वयाची वरची अट २०२२ मध्ये निघाली आहे आणि किती वेळा बसावे यालाही बंधन नाही. म्हणून थांबण्याची मर्यादा घरानेच आखावयाची आहे. आणि ती वर्षाच्या आरंभी आखावी. निकालानंतर आखलेली मर्यादा कोणी पाळीत नाही.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलाला 'एक वर्ष दे' म्हणणारे घर मुलीला तेच वर्ष देताना कचरते. नातेवाईक स्थळे आणू लागतात. "घरीच आहे ना" म्हणून स्वयंपाकघरातील कामे तिच्याकडे येतात. अभ्यासाचे वर्ष म्हणून दिलेले वर्ष प्रत्यक्षात अर्धेच उरते. पुन्हा परीक्षेस बसण्याचा निर्णय मुलीच्या बाबतीत घ्यावयाचा असेल तर तिला अभ्यासिका, तास आणि निर्वेध मन या तिन्ही गोष्टी देण्याची तयारी आधी करावी. नुसती परवानगी देऊन भागत नाही.

परदेशाचा विचार कोणी करूच नये असे मात्र माझे मत नाही. ज्याचे इंग्रजी बरे आहे, जो घरापासून दूर निभावू शकतो, ज्याचा भौतिक-रसायनाचा पाया कच्चा असला तरी जीवशास्त्रात खरी गोडी आहे, आणि ज्याच्या घरी सात-आठ वर्षांच्या खर्चाची तजवीज जमीन न विकता होऊ शकते, त्याने जरूर विचार करावा. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किरगिझस्तान येथे शिकून चाळणी पार केलेले उत्तम डॉक्टर आज आपल्याकडे काम करीत आहेत. परंतु दोन-चार गोष्टी खुद्द पालकांनी तपासाव्यात. वर्गात इंग्रजी असले तरी खाटेवरचा रोगी रशियन किंवा जॉर्जियनच बोलणार. त्याची भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्याला रोगी तपासण्याचा अनुभव कितपत मिळणार? शुल्क बहुधा डॉलरमध्ये असते. रुपया घसरला की दरवर्षी तेच शुल्क वाढते. कर्ज साडेसात लाखांपलीकडे गेले की बँक सामान्यतः तारण मागते, आणि आपल्या भागात तारण म्हणजे उसाचे किंवा तंबाखूचे रान. "आमचे विद्यापीठ आयोगाच्या मान्यतायादीत आहे" असे कोणी म्हणाल्यास सावध व्हावे; परदेशी महाविद्यालयांना मान्यता देणारी अशी यादी आयोग काढीतच नाही. तो नियम सांगतो, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्याचा भार विद्यार्थ्यावर असतो.

आणि जगाची घडी आपल्या हाती नसते. २०२० च्या आरंभी सुटीसाठी चीनमधून घरी आलेल्या विद्यार्थ्यांना महासाथीमुळे दोन वर्षांहून अधिक काळ परत जाता आले नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथे हजारो भारतीय मुले वैद्यकी शिकत होती. त्यांना परत आणण्यासाठी शासनाने 'ऑपरेशन गंगा' ही मोहीम राबविली. आपल्याच राज्यातील, हावेरी जिल्ह्यातील, चौथ्या वर्षाचा एक विद्यार्थी १ मार्च रोजी खार्किव शहरात तोफमाऱ्यात ठार झाला. त्याच्या आईवडिलांनी त्याचा देह दावणगेरे येथील वैद्यकीय महाविद्यालयास दान केला. पी. यू. सी. त उत्तम गुण मिळूनही येथे परवडणारी जागा न मिळाल्याने तो तिकडे गेला होता. मे २०२४ मध्ये बिश्केक शहरात परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हाही अनेक घरांत रात्रभर दिवे जळत राहिले. या घटना सांगण्यात भीती घालण्याचा हेतू नाही. आनंदीबाईंना विचारलेला "संकट ओढवले तर?" हा प्रश्न अजूनही विचारण्याजोगा आहे, एवढेच.

आता आपल्या सीमाभागापुरत्या काही गोष्टी, ज्या बाहेरच्या मार्गदर्शकांना बहुधा ठाऊक नसतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत निघते, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातील केंद्रांवर इंग्रजीबरोबर कन्नड. मराठीतून परीक्षा देऊ इच्छिणाऱ्याने अर्ज भरतानाच हे पाहावे. शिवाय भाषांतराविषयी वाद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण धरतात, हेही लक्षात ठेवावे. आपला विद्यार्थी कर्नाटकाचा रहिवासी म्हणून राज्याच्या ८५ टक्के जागांत स्पर्धा करतो. बेळगावचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००५ पासून आहे. तेथीलच १९६३ चे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय खाजगी आहे. मिरजेचे १९६२ चे सरकारी महाविद्यालय आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे महाविद्यालय आपल्याला बेळगावइतकेच जवळ. परंतु मध्ये राज्याची सीमा असल्यामुळे तेथे मुख्यतः अखिल भारतीय १५ टक्क्यांतूनच वाट मिळते. दुसरी एक अरुंद वाट आहे. महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी मोजक्या जागा राखून ठेवल्या आहेत. आपले गाव त्या यादीत आहे की नाही, हे प्रत्येकाने पाहून ठेवावे. जागा थोड्या आहेत, पण त्यांसाठी अर्ज करणारेही देशभरातून येत नाहीत.

कर्नाटकात कन्नड माध्यमासाठी जे ५ टक्के आरक्षण आहे त्याचा लाभ मराठी माध्यमाच्या मुलास मिळत नाही. ग्रामीण भागासाठीचे १५ टक्के मात्र मिळू शकतात. त्यासाठी पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा, क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची सही असलेला दाखला लागतो. खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकून नंतर गावाबाहेर गेलेल्या मुलांची येथे फार धावपळ होते, कारण जुन्या नोंदवह्या शोधाव्या लागतात आणि मुख्याध्यापक बदलून गेलेले असतात. हा दाखला, सीमाभागासाठी लागणारा मातृभाषेचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला हे सर्व कागद निकालानंतर गोळा करू लागल्यास पहिल्या फेरीची मुदत हातची निघून जाते. पी. यू. सी. च्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत ते काढून ठेवावेत. तहसील कचेरीत तेव्हा गर्दीही कमी असते.